दोन विती ढाळ

आरे-वाऱ्याची चढण चढून वर आलं की आमचा सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, लागतो. लांबून बघणाऱ्याला तो इस्त्रीखालून काढल्यासारखा सपाट दिसतो. तो सपाट नाही, हे गावाला पहिल्यांदा पटवलं काशीरामनं, आणि पटवताना अर्ध्या गावाशी भांडण घेतलं.

काशीराम चिरेखाणीवरचा माणूस. जांभ्याच्या दगडात टिकाव घालायचा नि चिरा काढायचा, आणि काढलेल्या चिऱ्याची घरं, गडगे, विहिरी बांधायचा. अंगावर एक लंगोटी, डोक्याला मुंडासं, आणि नखापासून भुवयांपर्यंत तांबडी धूळ. धुऊन निघत नसे. हौसा, त्याची बायको, म्हणायची, "न्हायला घातला तरी ह्यो माणूस निवळत नाय, न्हाणीच तांबडी होते."

त्याच्या कमरेच्या चंचीत पान-सुपारीबरोबर एक उंडी असायची. उंडीचं फळ म्हणजे बोराहून मोठं, लिंबाहून लहान, वाळलं की दगडासारखं टणक नि गोल. बाकीचं गाव त्याचं तेल काढून दिवे लावी. काशीराम त्यानं जमीन बघे. कोणाच्या अंगणात गेला की राम राम करायच्या आधी उंडी भुईवर सोडायचा नि ती कुठं जाते ते बघत उभा राहायचा. उंडी जिथं गेली तिकडं जमिनीचा ढाळ, म्हणजे उतार, नि पावसात पाणी तिकडंच जाणार, हे त्याचं शास्त्र. त्याला दुसरं शास्त्र नव्हतं, आणि लागलंही नाही.

लग्नाला उभा राहिला तेव्हाही चंची कमरेला होती. मांडवात पाट मांडेपर्यंत यानं उंडी सोडली, ती घरंगळत सासऱ्याच्या उंबऱ्याला टेकली. काशीराम म्हणाला, "मामानू, तुमच्या अंगणाचा ढाळ घरात हाय." सासरा तापला. नवऱ्यानं अजून हार घातला नाही नि घराला नावं ठेवतो म्हणून मांडवातून हाकलायला निघाला होता. चार लोकांनी समजूत घातली, लग्न लागलं. त्या आषाढात सासऱ्याच्या चुलीतली लाकडं पोहत पडवीत आली. दिवाळीला जावयाला बोलावणं आलं ते फराळासाठी नव्हे, अंगण उकरायला.

असा माणूस. ढाळ म्हटला की त्याला सासरा दिसत नसे नि गावकार दिसत नसे.

आता गावाच्या नाटकाचं सांगतो, कारण काशीरामचं नाव राहिलं ते त्याच्यामुळं.

चैत्री पुनवेला आमच्या देवीचा उत्सव. दोन दिवस, दोन नाटकं. नट गावचेच, शेतात नांगर धरणारे नि मुंबईहून रजा काढून आलेले. रंगमंच दर साली नवा बांधायचा. देवळासमोर आठ पिंपं अर्धी मातीत पुरायची आणि त्यावर घराघरातली दारं काढून आडवी घालायची. दोन दिवस सगळं गाव बिनदाराचं. कुत्री निवांत स्वयंपाकघरात जाऊन यायची.

आणि कुठलं दार कुठं घालायचं याचा मान होता. आमच्याकडे होळीच्या माडापासून पालखीच्या खांद्यापर्यंत सगळ्याला मान. रंगमंच तरी कसा सुटेल? मधोमध, जिथं राजा उभा राहायचा, तिथं गावकार आप्पांचं, म्हणजे गावच्या पहिल्या मानकऱ्याचं, दार. त्याच्या दोन्ही बाजूंना भावकीची दारं. "औंदा आमच्या दारावर राजपुत्र मेला" असं लोक वर्षभर सांगत. काशीरामच्या घराला कसलाच मान नव्हता. त्याचं मागलं दार नेत ते अगदी कडेला, जिथं मेलेले सैनिक ओढून टाकत. हौसा म्हणायची, "आमच्या दारावर निस्ती मढी." काशीराम मात्र होळीला मानाचे नारळ फुटायला लागले की मुद्दाम खाणीवर जायचा, हे मी ऐकलं आहे.

बायका बसायच्या सगळ्यात मागं, वडाखाली. पुढं पुरुष, त्यांची मुंडाशी नि टोप्या. रंगमंच हातभर उंच. त्यामुळं बायकांना नटांची फक्त वरची अर्धी अंगं दिसत. राजपुत्र लढाईत पडला की तो नाहीसाच व्हायचा. मग मागून आवाज यायचा, "मेला काय?" आणि पुढच्या ओळीतून कोणीतरी मान वळवून सांगायचं, "मेला, मेला." ते ऐकू आलं की शाळेतले पेटीमास्तर पेटीवर हात ठेवायचे नि शोकाचं पद सुरू. पिढ्यान् पिढ्या हे असंच. नाटकाच्या वहीत ते लिहिलेलं नव्हतं, पण त्याच्यावाचून पद कधी सुरू झालं नव्हतं.

एकोणीसशे तीस साली राजा सिंहासनावरून उठला नि आप्पांच्या दारासकट पिंपात गेला. कमरेपर्यंत पिंपात, हातात तलवार. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण आप्पांचं दार मधोमध चिरलं. दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली नि ठरलं, की आता रंगमंच पक्का, जांभ्याचा, कायमचा.

आप्पा म्हणाले, "काशीराम, चिरे तुझे, हात तुझे. गाव गडी देईल."

काशीरामनं तोंडातलं पान एका गालात सारलं. मग म्हणाला, "मग आमचं दार कुठं जायल?"

"आता दारं नाहीतच रे."

"तसा नाय. आमचा काय, ता विचारतंय."

आप्पांच्या ध्यानात आलं. माणूस सरळ मान मागत नव्हता, पण मान मागत होता. आप्पांनी भावकीकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं. नव्या रंगमंचावरचा पहिला नारळ तुझ्या हातचा. दर साली. तुझ्यामागं तुझ्या घराचा."

काशीराम घरी आला तो हौसाला काही न सांगता ओट्यावर बसला. तिनं विचारलं, "काय झाला? आजारी हाव काय?" तो म्हणाला, "नारळ आपला." तिला वाटलं, कोणाच्या माडाचा पडलेला नारळ घेऊन आला. खरं काय ते कळल्यावर ती उठून आत गेली आणि पायलीभर तांदूळ भिजत घातला. घावनं केली. आनंदाचं बोलणं त्या घरात नव्हतं, घावनं होती.

मापं आली मुंबईहून. गावचा रावजी गिरगावातल्या एका नाटकगृहात पडदे ओढायच्या कामावर होता. उत्सवाचं नाटक तोच बसवायचा. त्यानं पत्र धाडलं, ते आप्पांनी देवळात वाचलं. "रंगमंच सोळा हात रुंद, चौदा हात खोल. उंची मांडीइतकी. पुढे दर्शनी कमान. दोन्ही अंगांना तीन-तीन विंगा. वर झालर. मागे आडवी भिंत, त्याच्या मागे कपडे बदलायची खोली."

"विंगा म्हंजे?" काशीरामनं विचारलं.

"कडेच्या आडभिंती," आप्पांनी पत्रातलंच पुढं वाचलं. "नट त्यातून आत-बाहेर करतात, नि लोकांना आतलं दिसत नाही."

"कूड म्हणा की. आणि झालर?"

"वरून सोडलेलं कापड. आढं दिसू नये म्हणून."

"पावळी," काशीराम म्हणाला. "घरच बांधाया सांगताव. फक्त पुढली भिंत काढल्यालं."

कोणी हसलं नाही, कारण ते खरंच होतं.

माघ-फाल्गुन दोन महिने काम चाललं. चिरा असा बसवला की सांध्यात सुई जाऊ नये. मागं कपड्यांची खोली, पुढं जोत्यासारखा रंगमंच. वर छप्पर नव्हतं; उत्सवापुरता मांडव घालायचा नि मग काढायचा. म्हणजे चार महिने पावसाचं पाणी उघड्या रंगमंचावर पडणार. काशीरामनं उंडी काढली. पत्रात ढाळाचा शब्द नव्हता. पण पत्र लिहिणारा गिरगावात छपराखाली बसलेला; त्याला काय सुचणार? पाणी मागं सोडावं तर कपड्यांच्या खोलीत जाणार, देवीच्या सोंगाचे शालू कुजणार. कडेला सोडावं तर विंगांच्या पायात. म्हणून काशीरामनं पाणी पुढं सोडलं. मागची बाजू पुढच्यापेक्षा दोन विती वर. वरून शेणानं सारवलं. मागं उंडी ठेवली, सोडली. ती खडखडत सरळ पुढं आली नि खाली अंगणात पडली. त्यानं ती उचलून पुसली, चंचीत घातली नि बिडी पेटवली. काम झालं.

चैत्रात रावजी आला. पाठीवर पडद्यांच्या गुंडाळ्या, तोंडात मुंबईची भाषा. पडदे टांगायला त्यानं दादू तांडेलला घेतला. दादू म्हणजे तीस वर्षं गलबतावर काढलेला म्हातारा. शिडाच्या दोरीला लोंबकळून त्याची बोटं वाकडी झालेली. कप्प्या बसवता बसवता रावजी त्याला गोष्टी सांगायचा. मोठ्या नाटकगृहातल्या एका जुन्या सुताराकडून त्यानं त्या ऐकलेल्या.

"तांडेलानू, साहेबाच्या मुलखात पडद्याचे दोर पहिल्यांदा कोणी ओढले, सांगा."

"कोणी?"

"खलाश्यांनी. समुद्रावर काम नसलं की ते नाटकगृहात यायचे. दोर, गाठी, कप्प्या त्यांच्याच. म्हणून तिकडं अजून रंगमंचावर कोणी शीळ घालत नाही."

"शिळेचा काय?"

"गलबतावर शिळेनं खूण करायची ना, दोर सोड म्हणून? तसं इथं कोणी चुकून शीळ घातली तर वरचा खलाशी दोर सोडायचा नि खाली नटाच्या टाळक्यात पडदा."

दादूला हे इतकं आवडलं, की त्या दिवसापासून मांडवात कोणी शीळ घातली तर तो मारायला धावायचा. आणि पडद्याच्या दोराला "आमचा दोर" म्हणायला लागला.

काशीराम खाली बसून ऐकत होता. त्याच्याकडे बघून रावजी म्हणाला, "आणि काशीरामदादा, तुम्ही बांधलीत ना ती कपड्यांची खोली? ती सगळ्यात जुनी. तिकडे ग्रीक म्हणून लोक होते. डोंगराच्या उतारावर बसायचे, खाली खळ्यात खेळ चालायचा. खळ्यामागं एक राहुटी, सोंगं घ्यायला. त्या राहुटीचं पुढं घर झालं, घराची भिंत झाली, भिंतीवर चित्रं आली. म्हणजे आधी खोली, मग रंगमंच."

"आणि आपल्याकडं?"

"आपल्याकडंही जुनं आहे. संस्कृत नाटकवाले रंगमंच आखताना पांढऱ्या दोरीनं मोजायचे. मोजताना दोरी तुटली तर मोठा अपशकुन."

काशीराम म्हणाला, "आमच्यात दोरी तुटली तर दुसरी आणतात."

इथवर गोडीगुलाबी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी रंगीत तालीम. रावजी समोर उभा राहून ओरडला, "शिवा, वर जा."

शिवा आमचा राजपुत्र रणधीर. अंगानं रेडा, आवाजानं शंख. तो मांडवाच्या वाश्यांकडे बघू लागला.

"अरे वर म्हणजे मागं. नाटकात मागं जायचं तर वर जा म्हणतात, पुढं यायचं तर खाली ये."

"असा का?"

"असं म्हणतात. मला का विचारतोस?"

शिवा वर गेला, नि रथात चढला. रथ फणसाच्या फळ्यांचा, चार चाकांचा, रावजीनं मोठ्या हौसेनं करून घेतलेला. शिवानं लगाम धरून "चला अश्वांनो" म्हटलं नि अश्व नसताना रथ चालायला लागला. आधी हळू. शिवाला वाटलं, मागून कोणी ढकलतंय, म्हणून तो खूश. मग रथानं वेग घेतला. दर्शनी कमानीखालून बाहेर पडून तो पेटीमास्तरांच्या पेटीवर आदळला. मास्तर वेळीच उठले. पेटीचा भाता फाटला. शिवाचा मुकुट सुटून देवळाच्या पायरीपर्यंत घरंगळत गेला, तिथं एका कुत्र्यानं तो तोंडात धरला.

रावजी रंगमंचावर चढला, खाली बसला, तळहातानं भुई चाचपली. "काशीरामदादा, ही उतरती आहे."

"व्हय. दोन विती."

"रंगमंच उतरता?"

"मग पाणी कुठं जायल?"

"रंगमंचावर पाणी कशाला येईल?"

"आषाढात ये. दाखवतंय."

संध्याकाळी देवळात बैठक. रावजी म्हणाला, "मुंबईत एवढी नाटकगृहं झाडली मी. भुई सपाट लागते. पुढून चिरे भरा नि पातळी करा, अजून तीन दिवस आहेत." भावकीतल्यांनी माना हलवल्या, त्यांना तसाही तो नारळ घशात अडकला होता. आप्पांनी काशीरामकडे बघितलं.

काशीरामनं देवळातल्या घागरीतून तांब्याभर पाणी घेतलं नि सगळ्यांना घेऊन रंगमंचाकडे गेला. मागं वर उभा राहून पाणी ओतलं. पाणी सापासारखं सरळ पुढं आलं नि कडेवरून आप्पांच्या वहाणांवर पडलं. भुईवर थेंब राहिला नाही.

"आप्पानू, सपाट केला तर हेच पाणी चार म्हयने हितंच बसल. शेवाळ धरल. दोन पावसांत चिरा भुसभुशीत. तिसऱ्या सालाला तुमचा राजा परत खाली जायल, तवा पिंप पण नाय."

"पण रथ पळतो त्याचं काय?" रावजी.

"उतारावर गाडी हुभी करताना चाकाखाली धोंडा घालतात. लहान पोरांना पण म्हायत हाय."

"मुंबईत रथाखाली धोंडा घालत नाहीत."

"मुंबईत रथ आपले आपण थांबत असतील."

लोक हसले तसे आप्पाही हसले, पण निर्णय द्यायचा होता. ते म्हणाले, "ऐक. पातळी करायला तयार असलास तर पहिल्या दिवसाचा नारळ तुझा, बोलल्याप्रमाणं. नसलास तर पहिल्या दिवशी नारळ रावजी फोडेल नि खेळ असाच होईल. खेळ नीट झाला तर दुसऱ्या दिवशी नारळ तुझा, कायमचा. विस्कटला, तर सकाळी गावाचे गडी टिकाव घेऊन येतील, नि नारळही गेला."

म्हणजे सपाट केला तर मान घरी चालत येत होता. दोन दिवसांचं काम.

काशीराम म्हणाला, "असाच होऊ दे."

घरी हौसा बोलली ती उभ्यानंच. "उभा जन्म आमची मढीवाली दारं. एक नारळ मिळत होता, ता पण ढाळात घालवलात."

"मी चुकीचा बांधू?"

"चुकीचा बांधा असा मी कुठं बोलतंय? मी आपली बोलतंय." आणि तिनं त्याच्या पुढ्यात भाकरी आदळली. भाकरीवर सुकट मात्र होतं.

पुनवेच्या दिवशी रावजीनं नारळ फोडला. काशीराम आला नव्हता. तो मांडवाबाहेर, दगडांच्या ढिगावर रंगमंचाकडे पाठ करून बसला होता. उगाच कोणाच्या तोंडावरचं बघायला नको.

रंगमंचाच्या पुढच्या कडेला रॉकेलचे डबे उभे कापून त्यांत दिवे ठेवले होते. पत्र्याची पाठ लोकांकडे, उजेड नटांच्या पायांकडे. दादूनं दोर ओढला. पडदा वर गेला. रथाच्या चाकांखाली चार धोंडे, त्यावर रावजीनं हिरवा पाला झाकला होता. रथ हलला नाही. मुकुट शिवाच्या हनुवटीखाली सुतळीनं बांधला होता. पहिला अंक गेला, दुसरा गेला. शत्रूच्या हातातली भोपळ्याची गदा एकदा घरंगळली, पण शिवानं ती पायानं अडवली नि लाथेनं परत धाडली. लोकांना वाटलं, युद्धच आहे.

आणि मग रणधीर पडला. बाण लागून, गर्रकन फिरून, रंगमंचाच्या मध्यावर, डोकं वर नि पाय खाली करून पसरला. रावजीनं विंगेतून पेटीमास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी ठिगळ लावलेल्या भात्यावर हात ठेवला नि कान मागं लावले.

मागून आवाज आला नाही.

मास्तर थांबले. शिवा पडलेला. एक डास त्याच्या नाकावर येऊन बसला. शिवानं श्वास कोंडला. पुढच्या ओळीत एकानं सवयीनं मान मागं वळवून "मेला" म्हणायला तोंड उघडलं, पण विचारलंच नव्हतं कोणी. तो तसाच तोंड उघडं ठेवून बसला. वडाखाली सत्तर-ऐंशी बायका, चिडीचूप.

रावजीला वाटलं, बायका उठून गेल्या. विस्कटला खेळ. काशीरामलाही दगडांच्या ढिगावर तेच वाटलं. दर साली ज्या वेळेला तो आवाज येई त्या वेळेला आला नाही, हे त्याला तिकडं पाठ करून बसूनही कळलं. तो उठला नि मांडवाच्या कडेनं बायकांच्या बाजूला गेला. बघतो तर हौसा पदराचा बोळा तोंडात धरून बसलेली. बाजूला जनी, तिच्या बाजूला गोदाक्का, सगळ्यांचे डोळे पुढं. काशीरामनं त्यांच्या मागं वाकून बघितलं. पुरुषांच्या मुंडाशांवरून, दिव्यांच्या डब्यांवरून, रणधीर पुरा दिसत होता. डोकं, छाती, बाण, पायाच्या बोटांपर्यंत. ताटात वाढून तिरपं धरावं तसा.

"काय गो," काशीराम हळूच म्हणाला, "विचारीत नाय आज?"

"काय विचारायचा?" हौसा मान न वळवता म्हणाली. "दिसतोय की मेलेला. गप ऱ्हवा."

शेवटी डासानं निकाल लावला. शिवानं नाक फेंदारलं. तेवढ्यात गोदाक्का, सत्तरीची बाई, अर्ध्या शतकात पहिल्यांदा राजपुत्राला मेलेला बघत होती, ती ओरडली, "मास्तरानू, जीता व्हायच्या आधी पद म्हणा."

पेटी सुरू झाली.

खेळ संपल्यावर भावकीतले दोघे-तिघे आप्पांकडे गेले. रथाखाली धोंडे घालायला लागले, गदा घरंगळली, पद उशिरा सुरू झालं. म्हणजे विस्कटलाच की. आप्पा काही बोलायच्या आत मागून बायका आल्या. आमच्याकडे बायका बैठकीत बोलत नसत. पण ही बैठक नव्हती, आणि रस्ता त्यांच्याही घरी जात होता. गोदाक्का आप्पांची चुलती. तिनं काठी टेकली. "आप्पा, ह्या रंगमंचाला कोणी टिकाव लावील, त्याच्या घरात मी जेवणार नाय." तिच्या न जेवण्यानं कोणाचं काय बिघडणार होतं? पण म्हातारीला नाही कोण म्हणणार, आणि तिच्या मागं साऱ्या गावच्या चुली उभ्या होत्या.

रावजी पुढं आला. मग म्हणाला, "आप्पा, एक सांगायचं राहिलं. आमच्या सुतारानं मला सांगितलं होतं, नि मी विसरलो होतो. तिकडं एके काळी लोक उतारावरून खाली आले नि सपाट जागेत बसू लागले, तेव्हा मागच्यांना दिसेना. मग त्यांनी रंगमंचच उतरता केला. मागं वर, पुढं खाली. म्हणूनच वर जा, खाली ये म्हणतात. मी दहा वर्षं ते ओरडतोय, सपाट भुईवर."

"म्हंजे तिकडच्यांनी पण पाण्यासाठीच केला," काशीराम म्हणाला.

"नाही हो. दिसायला म्हणून."

"दिसाया म्हणून असल," काशीराम म्हणाला. "पण पाणी पण गेला असल." त्याला शेवटपर्यंत दुसरं काही पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी नारळ काशीरामचा. हौसानं त्याला दोनदा न्हाऊ घातलं. तरी मुंडाशाखालून तांबडा ओघळ आलाच. तो रंगमंचावर गेला. नारळ कुठं फोडायचा हे कोणी सांगितलं नव्हतं. देवी समोर देवळात; म्हणून तो अगदी पुढं, कडेला, दिव्यांच्या डब्यांमागं वाकून बसला नि चिऱ्यावर नारळ आपटला. एका फटक्यात दोन भक्कलं. त्यातलं एक त्याच्या हातातून सुटलं नि ढाळावरून घरंगळून आप्पांच्या मांडीत पडलं.

पुढं सगळे हसत होते. आणि मागून, वडाखालून, काल न आलेला आवाज आज आला. हौसाचा.

"फुटला काय?"

सगळा मांडव मागं वळला. पत्र्याच्या डब्यांमागं वाकलेला नवरा तिला दिसतच नव्हता.

"फुटला, फुटला," पुढच्या ओळीनं सांगितलं.

काशीराम उभा राहिला. हातातलं भक्कल डोक्यावर धरून त्यानं मागं दाखवलं, आणि उगाच दोनदा हलवलं.

पुढं सात-आठ सालं त्यानं नारळ फोडला. लांज्याकडच्या दोन गावांनी त्याला रंगमंच बांधायला नेलं, तिथंही त्यानं न विचारता ढाळ दिला. अडतीस साली खाणीत घसरून पायावर चिरा पडला, नि त्यानंतर तो नुसता बसून ढाळ सांगायचा. आता नारळ त्याच्या घरातला कोणीही फोडतो. पण पुढं नाही, मागं. अगदी वर, मागच्या भिंतीला टेकून, उभ्यानं. पाहुणे विचारतात, देवी समोर असताना नारळ तिकडं मागं का? आमचे लोक सांगतात, तसा रिवाज आहे. रिवाज कसला? बायकोला दिसलं नाही म्हणून दुसऱ्या सालापासून काशीराम वर जाऊन उभा राहिला, एवढंच.